पोटच्या पोराचे ऐकले नाही

वाचकहो, भुताखेतांचे चित्रपट मुलांना दाखवू नयेत, असे आम्हीच आजवर म्हणत आलो. तरी घरच्या पोरांच्या हट्टापायी १९४१ सालचा ‘द वुल्फ मॅन’ हा अमेरिकन चित्रपट आम्ही त्यांच्यासोबत बसून पाहिला.

गोष्ट साधी आहे. थोरला भाऊ वारला म्हणून लॅरी अठरा वर्षांनी अमेरिकेहून वेल्समधील वडिलांच्या वाड्यावर परततो. एका मुलीला वाचवायला धावताना त्याला लांडगा चावतो आणि पुढे रात्री तो स्वतःच नरपशू होऊ लागतो. तो वडिलांना परोपरीने सांगतो. वडील शिकलेले, ते म्हणतात, हा मनाचा खेळ आहे. त्याला खुर्चीला बांधून ते शिकारीला जातात. शेवटी चांदीच्या मुठीच्या काठीने समोरचे जनावर ठार करतात आणि पाहतात तो काय, पोटचा पोर!

लॉन चेनी ज्युनियरचा दुःखी चेहरा आणि जॅक पिअर्सची रंगभूषा या जमेच्या बाजू. चर्चमध्ये सारे गाव मान वळवून लॅरीकडे पाहते आणि तो मुकाट्याने मागे फिरतो, तो प्रसंग तर काळजाला भिडतो.

दोषही आहेत. पहिला शापित माणूस पुरता लांडगा होतो, लॅरी मात्र केसाळ माणूस. असे का, याचे उत्तर मिळत नाही. लॅरी दुर्बिणीतून मुलीच्या खोलीत डोकावतो, ते गमतीवारी नेले आहे. मुलग्यांना तिथेच थांबवून सांगावे, ही गंमत नव्हे.

कथा लिहिणारे कर्ट सिओडमॅक ज्यू होते. हिटलरच्या राजवटीमुळे त्यांनी जर्मनी सोडली. चित्रपटात ज्याचा बळी जायचा, त्याच्या तळहातावर तारा दिसतो. १९४१ च्या सप्टेंबरातच जर्मनीत ज्यूंना कपड्यांवर पिवळा तारा लावण्याची सक्ती झाली. त्याच राजवटीने रोमा लोकांनाही मारले, आणि या चित्रपटात शाप येतो तो मात्र रोमांच्याच तांड्यातून! हा दोष आम्हाला सर्वांत मोठा वाटतो.

आई-बाबांनो, माणसाचा लांडगा होत नाही, हे मुलांना जरूर सांगा. पण पोर घाबरून काही सांगू लागले, तर हातातले काम ठेवून आधी ऐकून घ्या.