मांजर मतलबी नसते

कुत्रा इमानी आणि मांजर मतलबी, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आमच्यासारख्या सैनिकी शाळेत तर कुत्र्याचीच बाजू घेतली जाणार. हाक मारली की तो धावत येतो, अगदी फॉल-इनसारखा! मांजर येत नाही. पण येत नाही म्हणून त्याला काही कळत नाही, हे मला पटत नाही.

जपानच्या आत्सुको साइतो यांनी २०१९ साली प्रयोग करून दाखवले की पाळीव मांजर इतर शब्दांतून स्वतःचे नाव ओळखते. कान हलवते, मान वळवते. उठून येते मात्र क्वचित. त्याच वर्षी अमेरिकेतील ओरेगॉन स्टेट विद्यापीठात पिल्लांना नवख्या खोलीत दोन मिनिटे एकटे ठेवून पाहिले. सांभाळणारा माणूस परत येताच सुमारे ६४ टक्के पिल्ले निवांत झाली आणि पुन्हा खोली हुंगत फिरू लागली. ज्याला कोणाशी देणेघेणे नाही, तो असे कशाला करील?

१९४९ मध्ये यांगत्से नदीत ब्रिटिश युद्धनौका ‘ॲमेथिस्ट’वर तोफांचा मारा झाला. नौकेवरचा सायमन नावाचा बोका त्यात जखमी झाला. बरा झाल्यावर तो उंदीर मारी आणि जखमी खलाशांजवळ जाऊन बसे. प्राण्यांना शौर्यासाठी मिळणारे डिकिन पदक मिळालेले ते एकमेव मांजर. त्याला खलाशांचे दुःख समजत होते, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण त्यांच्याजवळ बसायचा हुकूम त्याला कोणी दिला नव्हता.

मी सुट्टीत घरी गेलो की आमची मनी दिवसभर माझ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. घरचे म्हणतात, “विसरली तुला.” पण ती झोपते कुठे? माझ्या उघड्या ट्रंकेत, गणवेशावर.

आमच्या हाउसमध्येही अशी मुले आहेत. सहावीतले काही ज्युनिअर रविवारी घरी फोन लागला की “बरा आहे” एवढेच बोलतात. पालकांना वाटते, मुलगा रमला, किंवा घर विसरला. त्यातलाच एखादा लाडवांचा रिकामा डबा टर्मभर लॉकरमध्ये जपून ठेवतो, घासायलाही देत नाही. पालकांनी फोन ठेवण्याआधी त्याला लाडवांबद्दल तरी विचारावे.