पाणी कुठवर येतं?

‘अपकमिंग’ हा शब्द ज्याने शोधला त्याला सलाम. अपकमिंग एरिया म्हणजे जिथे सध्या फारसं काही नाही, पण भाव मात्र सगळं असल्यासारखा. रस्ता ‘मंजूर’ असतो, शाळा ‘येणार’ असते, बागेला ‘जागा सोडलेली’ असते. आज तिथे काय आहे म्हणाल, तर एक कमान, एक वॉचमन आणि त्याचं कुत्रं.

नाशिकमध्ये सध्या आमच्या वयाचे निम्मे मित्र याच अपकमिंगच्या मागे आहेत. एक पोर बालवाडीत, दुसरं कडेवर, डोक्यात टू बीएचके आणि छातीवर ईएमआय. पाथर्डी फाटा घ्यावं की म्हसरूळ? आडगाव लांब पडेल का? गंगापूर रोडचं नाव काढलं की बँकवाला नुसता हसतो. आमच्याही घरात हाच विषय चालू आहे, फक्त त्याला एक सायखेड्याचा तडका आहे.

सायखेडा म्हणजे निफाड तालुक्यातलं माझं गाव. गोदावरीच्या एका काठाला आम्ही, दुसऱ्या काठाला चांदोरी, मध्ये पूल. कांदा, द्राक्षं, बाजार, सगळं झकास. पण वर नाशिकला गंगापूर धरणातून पाणी सोडलं की ते येतं आमच्याकडे, तिकडून दारणेचं सोडलं की तेही आमच्याकडेच, आणि पुढे नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा. पक्ष्यांसाठी ती जागा स्वर्ग आहे. 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून तिचं नाव जाहीर झालं. आम्हाला मात्र आठवतं ते 2008, 2016 आणि 2019 चं पाणी.

त्यामुळे कुठलंही घर बघताना आमच्याकडची म्हातारी माणसं एकच प्रश्न विचारतात, ‘पाणी कुठवर येतं?’ शहरातली माणसं विचारतात, ‘पाणी येतं का?’ शब्द जवळपास तेच, पण शहरातला प्रश्न नळाचा आणि आमचा नदीचा. लहान पोरं घेऊन घर बदलणाऱ्याने दोन्ही विचारावेत, असं माझं स्पष्ट मत झालंय.

कारण नाशिक म्हणजे काही फक्त रामकुंड नाही. नासर्डी, वाघाडी, वालदेवी या सगळ्या वस्तीला खेटूनच वाहतात. उन्हाळ्यात त्या नाल्यासारख्या दिसतात आणि ब्रोशरमध्ये त्याच ‘रिव्हर व्ह्यू’ होतात. पूर मोजायला नाशिककरांकडे पिढ्यान्‌पिढ्या दुतोंड्या मारुती आहे. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, की गावभर बातमी. पण तुमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मारुती नसतो. तिथे पूररेषा बघावी लागते.

हा फंडा नीट समजून घ्या. पूररेषा दोन असतात. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई असते, निळी आणि लालच्या मध्ये अटी असतात. सेल्सवाला म्हणतो, ‘सर, शंभर वर्षांतून एकदा! तोपर्यंत आपण कुठे असणार?’ इथेच गोची आहे. शंभर वर्षांतून एकदा याचा अर्थ आज आला की पुढचा शंभर वर्षांनी, असा नाही. दरवर्षी एक टक्का शक्यता, असा आहे. कर्ज 20 वर्षांचं असेल, तर तेवढ्या काळात लाल रेषेचा पूर एकदा तरी येण्याची शक्यता होते 18 टक्के. निळ्या रेषेचा तर 56 टक्के! म्हणजे हप्ते फिटायच्या आत तो येण्याची शक्यता न येण्यापेक्षा जास्त. हे गणित बँकेच्या फॉर्मवर नसतं.

पुराचं झालं. आता पोरांचं. शहराच्या विकास आराखड्यात शाळा, बाग, खेळाचं मैदान यांसाठी जागा आरक्षित असतात. नाशिकचा सध्याचा आराखडा 2017 मध्ये मंजूर झाला. नकाशावर हिरवा तुकडा दिसला की आपल्याला लगेच झोका, घसरगुंडी आणि त्यावर आपलं पोर दिसायला लागतं. जरा थांबा. आरक्षण म्हणजे ताबा नव्हे. जागा दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर दोन वर्षांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. हिशेब तुम्हीच करा. तुमचं पोर सायकल शिकेल तेव्हा त्या हिरव्या तुकड्यावर बाग असेल की आणखी एक ‘अपकमिंग’ टॉवर? म्हणून मी नियम केलाय. नकाशातली बाग मोजायची नाही, जिथे आज पोरं खेळताहेत तीच मोजायची.

तिसरी गोष्ट, रस्ता ओलांडणं. मुंबई-आग्रा महामार्ग शहराच्या पोटातून जातो. वर उड्डाणपूल आहे, खाली सर्व्हिस रोडला सगळी गर्दी. घर या बाजूला आणि शाळा त्या बाजूला असेल, तर नकाशावरचं एक किलोमीटर प्रत्यक्षात फार मोठं असतं. त्यामुळे रविवारी दुपारी फ्लॅट बघू नका. रविवारी दुपारी सगळेच एरिया शांत आणि सुंदर दिसतात. सोमवारी सकाळी सात वाजता जा, पोराला हाताला धरून शाळेच्या गेटपर्यंत चाला. मग पावसाळ्यात एकदा जा, जोराची सर पडून गेल्यावर तासाभराने. आणि एप्रिलमध्ये जाऊन टँकर मोजा. सोसायटीचे सेक्रेटरी काय सांगायचं ते सांगतील, किराणा दुकानदार मात्र खरं सांगतो. त्याला तुम्ही गिऱ्हाईक म्हणून हवे असता, पण रागावलेलं गिऱ्हाईक नको असतं.

आता आमच्या घरातला पेच. बायकोचं म्हणणं, इंदिरानगरच्या बाजूला बघू. शाळा जवळ, दवाखाने जवळ, तिचं ऑफिस जवळ. आईचं म्हणणं, गावाच्या बाजूला बघा. आणि खरंच बघा, नाशिकमध्ये बरीच माणसं आपापल्या गावाकडे तोंड करून राहतात. दिंडोरीकडचे म्हसरूळ-मखमलाबादला, सिन्नरकडचे नाशिकरोडला आणि आम्ही निफाडवाले आडगाव, नांदूर नाका, जेलरोडला. यात भावनेपेक्षा व्यवहार जास्त आहे. पोराला ताप आला आणि दोघांना सुट्टी नसली, तर आजी बसने तासाभरात पोहोचली पाहिजे. अशी आजी कुठल्याच ॲमेनिटीजच्या यादीत नसते, आणि पाळणाघराचे भाव ऐकलेत ना?

पण गंमत अशी, की गावाच्या बाजूला सरकावं तर जेलरोडच्या खालच्या अंगाला दसक-पंचक, आणि तिथे परत आमचीच गोदावरी! मी हे सांगितल्यावर आई म्हणाली, ‘पोरांना नदी दिसू दे, पण नदीला पोरं दिसायला नकोत.’ पूररेषेचं याहून सोपं मराठी मला तरी सापडलेलं नाही. बायकोलाही ते पटलं. त्यामुळे सध्याची तडजोड अशी: बाजू गावाकडची, पण उंचावरची, लाल रेषेच्या पूर्ण बाहेरची. शाळा चालत पंधरा मिनिटांच्या आत. ऑफिसचा अर्धा तास बायकोला जास्त लागणार, म्हणून सकाळी पोरांचं आवरण्याचं डिपार्टमेंट माझं. हा करार तोंडी आहे, महारेराकडे नोंदवलेला नाही.

तुम्हीही शोधत असाल, तर महारेराच्या साइटवर प्रकल्पाचे मंजूर नकाशे बघा, महापालिकेत आराखडा आणि पूररेषा बघा, आणि ‘येणार आहे’ असं ज्याबद्दल सांगितलं जाईल त्याचा भाव शून्य धरा. उरेल त्यात तुमचं पोर मोठं होणार आहे.

आणि एखाद्या रविवारी एसी ऑफिसात, थंड सरबत हातात देऊन कुणी रिव्हर व्ह्यूची बाल्कनी दाखवली, तर शांतपणे विचारा, ‘पाणी कुठवर येतं?’ त्याने ‘चोवीस तास, सर!’ असं उत्तर दिलं, की सरबत संपवा आणि निघा.