भडभुंज्याची वाळू, सिम्युलेशन आणि साडेआठ हजार कोटी

भडभुंज्याच्या भट्टीसमोर कधी उभे राहिलात? कढईत तापलेली वाळू, त्यात चणे पडतात, झारा फिरतो आणि बघता बघता फुटाणे तयार. वाळू सतत हलत असल्याने प्रत्येक दाण्याला सगळीकडून सारखी उष्णता मिळते.

आता कल्पना करा, झारा काढून टाकला आणि कढईच्या तळाला बारीक भोकं पाडून खालून जोरात हवा सोडली. हवेचा वेग एका मर्यादेपुढे गेला की वाळूचे कण उचलले जातात. अख्खा थर उकळत्या पाण्यासारखा खदखदतो, त्यातून बुडबुडेसुद्धा निघतात. यालाच ‘फ्लुइडाइज्ड बेड’ म्हणतात. जर्मनीत फ्रिट्झ विंकलरने १९२०च्या दशकात ही युक्ती कोळशापासून वायू बनवायला वापरली.

शंभर वर्षं जुनी गोष्ट आज कशाला?

कारण यात आपला पैसा आहे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कोळशाच्या वायूकरणासाठी ८,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. २०३० पर्यंत १० कोटी टन कोळशाचं वायूकरण हे सरकारचं उद्दिष्ट आहे. कोळसा सरळ जाळायचा नाही, त्याचा वायू करायचा आणि त्यातून मिथेनॉल, खत, रसायनं काढायची, अशी ही कल्पना. योजनेत निवडलेल्या प्रकल्पांत चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीचंही नाव आहे.

अडचण आहे राखेची. भारतीय कोळशात बरेचदा ३० ते ४५ टक्के राख असते. काही परदेशी गॅसिफायर इतके तापतात की राख वितळूनच बाहेर काढावी लागते. एवढी राख वितळवायची तर बरीच उष्णता वाया जाते. खदखदता थर कमी तापमानाला चालतो, राख कोरडी राहते, म्हणून तो आपल्या कोळशाला जास्त मानवतो. हैदराबादला भेलने याच पद्धतीवर रोज पाव टन मिथेनॉल बनवणारा प्रायोगिक प्रकल्प उभा केला आहे.

पाव टनावरून हजारो टनांवर उडी कशी मारायची, हा खरा प्रश्न. अरुंद नळीतला बुडबुडा आणि मोठ्या टाकीतला बुडबुडा सारखे वागत नाहीत. मोठ्या टाकीत बराचसा वायू बुडबुड्यांतून कणांना न भेटताच वर निसटू शकतो. कुठे कण नीट हलले नाहीत तर तिथलं तापमान वाढतं, राख चिकट होते, गोळे बनतात आणि सगळा थर बसतो. मग प्लँट बंद!

इथे सिम्युलेशन येतं

सगळ्यात प्रामाणिक मार्ग म्हणजे प्रत्येक कण कॉम्प्युटरवर मोजणं. पण जरा हिशोब करू. अर्धा मिलिमीटर व्यासाचे कण एक घनमीटरमधली निम्मी जागा भरतात असं धरलं, तर कण होतात सुमारे ७६० कोटी. म्हणजे जवळपास जगाच्या लोकसंख्येइतके! आणि प्रत्येकाच्या टकरा, प्रत्येकाचं तापमान, प्रत्येकाला लागणारा हवेचा रेटा मोजायचा.

म्हणून तडजोड करतात. काही मॉडेल हजारो कणांचं एक गाठोडं मानतात. काही तर कणांच्या थरालाही द्रवच समजतात. मग हवा कणांना किती रेटते आणि उष्णता किती वेगाने देते, यासाठी प्रयोगांतून काढलेली सूत्रं वापरतात. १९५२चं एर्गनचं सूत्र आजही त्यात आहे.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या एनईटीएल प्रयोगशाळेचं ‘एमफिक्स’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मी ते लॅपटॉपवर टाकलं आणि एक छोटं उदाहरण चालवलं. आधी हिशोबाच्या जाळीचे चौकोन मोठे ठेवले. बुडबुडे थोडे आणि गुळगुळीत दिसले. मग चौकोन निम्मे केले. लॅपटॉपचा पंखा ओरडायला लागला, आणि बुडबुड्यांची संख्या, आकार, सगळंच बदललं. दोन्ही व्हिडिओ दिसायला झकास. पण खरा कोणता, हे स्क्रीन बघून कळत नाही. गेममधली वाळू खरी वाटली की काम झालं. इथे ती खरी असावी लागते.

केम्परचा धडा

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात केम्पर इथे लिग्नाइट कोळशाचं वायूकरण करून वीज बनवणारा ५८२ मेगावॅटचा प्रकल्प उभारला गेला. त्याचा गॅसिफायर खदखदत्या थराच्याच कुळातला. आधी अलाबामात लहान गॅसिफायर चालवून पाहिला होता, एनईटीएलची सिम्युलेशनही मदतीला होती. तरीही सुरुवातीला ३ अब्ज डॉलरच्या आत धरलेला खर्च सुमारे साडेसात अब्जांवर गेला. जून २०१७ मध्ये वायूकरण थांबवून प्रकल्प नैसर्गिक वायूवर चालवायचं ठरलं, आणि २०२१ मध्ये गॅसिफायरचा सांगाडा स्फोटाने पाडला.

म्हणजे सिम्युलेशन खोटं होतं का? माझ्या मते, तसं म्हणणं चूक ठरेल. नळ्यांची गळती, राख बाहेर काढण्यातल्या अडचणी, लांबलेलं बांधकाम, स्वस्त झालेला नैसर्गिक वायू, ही दुखणी गॅसिफायरच्या मॉडेलबाहेरची होती. मॉडेलला जे विचाराल, त्याचंच ते उत्तर देतं.

त्यामुळे ‘अत्याधुनिक सिम्युलेशनने सिद्ध’ असं वाक्य एखाद्या प्रकल्पाच्या बातमीत दिसलं, तर मी तीन गोष्टी शोधतो. मॉडेलचे आकडे प्रत्यक्ष प्रयोगाशी ताडून पाहिलेत का? तो प्रयोग आपल्याच राखेच्या कोळशावर झाला का? आणि पाव टन ते हजारो टन यांच्या मधली एखादी पायरी बांधून चालवली आहे का?

मधली पायरी महाग असते, वेळ खाते, उद्घाटनाच्या फोटोतही ती फारशी देखणी दिसत नाही. पण साडेआठ हजार कोटी पणाला लागलेले असताना ती गाळणं जास्त महाग पडेल. भडभुंजासुद्धा आधी मूठभर चणे टाकून वाळू तापली का ते बघतो, मगच पोतं उघडतो.