डॉबरमनचे कान

डॉबरमनचे कान जन्मतः लोंबतेच असतात. टोकदार दिसतात ते कापून, आठवडेच्या आठवडे पट्ट्या चिकटवून उभे केलेले. शेपटी तर पिल्लू चार-पाच दिवसांचे असतानाच छाटली जाते. सगळे केवळ रुबाबासाठी. २०१७च्या श्वान प्रजनन नियमांनी ब्रीडरना या कापाकापीची मनाई केली. पण १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये! तेवढ्यात नंदुरबारच्या बाजारात किलोभर सुकी मिरचीही येत नाही. आणि राखणीसाठी म्हणाल, तर धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर गावठी कुत्री लांब शेपटीनिशी चोख राखण करतातच की. पशुवैद्यकांनी असल्या शस्त्रक्रियेला साफ नकार द्यावा, हौशी मालकांनी कान कापलेले पिल्लू घेऊच नये आणि केंद्राने हा हास्यास्पद दंड आधी वाढवावा.