बालींतील विकतचें मौन

इंडोनेशियांतील बाली बेटावर, उबुद गांवीं, भातखाचरांच्या कांठीं योगशाळा थाटून परदेशी पाहुण्यांस शांतता विकण्याचा जो व्यापार चालला आहे, त्यास योग म्हणावयास आमची जीभ रेटत नाहीं. पतंजलीनें आसनाआधीं यम सांगितले व त्यांत अपरिग्रह घातला. येथें आसन तेवढें उरलें! ज्या खाचरांसमोर ही मंडळी डोळे मिटून बसतात, तीं 'सुबक' नामक शेतकरीसंघांच्या सामाईक पाटपाण्यावर पिकतात. युनेस्कोनें २०१२ सालीं ह्या व्यवस्थेस जागतिक वारशांत स्थान दिलें, तरी खाचरें बुजवून विश्रामगृहें उठतच आहेत. मौनच हवें, तर बालीकरांचा शकवर्षारंभींचा 'न्येपी' आहे. त्या दिवशीं चूल नाहीं, काम नाहीं, विमानतळही बंद. पाहुण्यांसही दाराबाहेर पडण्याची मुभा नसते. शुल्क मात्र कोणी घेत नाहीं.