पिवळ्या पिशवीत जाणारी त्वचा

गेल्या अंकानंतर आलेल्या पत्रांत एक गाऱ्हाणे पुन्हा पुन्हा आले आहे: प्रायमरी केरॅटिनोसाइटसाठी ताजी त्वचा मिळत नाही. एका वाचकाची प्रयोगशाळा तर रुग्णालयाच्याच आवारात आहे. तिथे सुंता होते, पोटावरची सैल कातडी काढली जाते. निघालेली त्वचा पिवळ्या पिशवीत पडते आणि जाळायला जाते. प्रयोगशाळा मात्र परदेशी कंपनीकडे व्हायलची मागणी नोंदवते आणि ड्राय आइसचे खोके कस्टम्समधून सुटण्याची वाट पाहत बसते.

घोडे अडले आहे एथिक्स कमिटीत. या वाचकाकडे कमिटीने दर रुग्णामागे वेगळा अर्ज मागितला. बैठक दोन महिन्यांतून एकदा. शस्त्रक्रियेची तारीख ठरते जेमतेम आठवडाभर आधी, आणि थंड मीडियममध्ये ठेवलेला तुकडा दिवस-दोन दिवसांत डिस्पेजमध्ये पडायला हवा. उशीर होईल तशा फ्लास्कला चिकटणाऱ्या पेशी घटत जातात. मंजुरी येते तेव्हा रुग्ण घरी गेलेला असतो आणि त्वचा भट्टीत. ही अट निव्वळ अव्यवहार्य आहे.

ती नियमांतही नाही. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत, ओळख पटू शकत नाही अशा उरलेल्या नमुन्यांवरील संशोधनाला एक्स्पिडाइटेड रिव्ह्यूची सोय स्पष्ट दिलेली आहे. भावी संशोधनासाठी व्यापक संमती घेण्याचा मार्गही तिथे आहे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांवर बोट ठेवणाऱ्या प्रशासकांनी एवढे ध्यानात घ्यावे की, रुग्णाच्या संमतीने संशोधनासाठी घेतलेली त्वचा हा कचरा नव्हे.

त्वचा मिळाली की पुढचे काम आपल्या लोकांना येते. रात्रभर 4 अंशांवर डिस्पेजमध्ये ठेवलेल्या तुकड्याची एपिडर्मिस सकाळी चिमट्याने धरली की कांद्याच्या पापुद्र्यासारखी अलगद सुटते. मग ट्रिप्सिन आणि कमी कॅल्शियमचे मीडियम. राइनवॉल्ड आणि ग्रीन यांनी 1975 मध्ये 3टी3 फीडरवर मानवी केरॅटिनोसाइट वाढवून दाखवले, त्याला आता पन्नास वर्षे होऊन गेली. अडचण तंत्राची राहिलेली नाही.

त्वचा नाही म्हणून सगळे हॅकॅटकडे वळतात. पेट्रा बूकांप आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये जर्मनीतून प्रसिद्ध केलेले हे पेशीवाण उपयोगी आहे, यात वाद नाही. पण त्यातील पी53 च्या दोन्ही प्रतींत म्युटेशन आहे. अशा पेशींवर अतिनील किरण टाकायचे आणि निष्कर्ष निरोगी त्वचेच्या नावावर मांडायचे, हे शास्त्र नव्हे.

इथे दोष आपल्याही काही सभासदांचा आहे. मित्राच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेली, पॅसेज क्रमांक नसलेली व्हायल वर्षानुवर्षे वापरली जाते. एसटीआर प्रोफाइल कधीच काढले जात नाही. स्टॅन्ली गार्टलर यांनी 1966 मध्ये वेगवेगळी समजली जाणारी 18 पेशीवाणे प्रत्यक्षात हेला असल्याचा पुरावा मांडला होता. तो धडा अजून गिरवावा लागतो, ही खेदाची बाब आहे.

आता हे चालणार नाही. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राणीचाचण्यांवर आपल्याकडे 2014 मध्येच बंदी आली. नव्या औषधांच्या नियमांत 2023 च्या दुरुस्तीने पेशीआधारित चाचण्यांना वाट दिली. त्वचेच्या दाहासाठी ओईसीडीची 439 क्रमांकाची चाचणी पुनर्रचित मानवी एपिडर्मिसवरच होते. ती इथे उभी करायची तर मूळ पेशी इथल्या दात्यांच्या हव्यात, त्यांचे वय आणि शरीरावरची जागा नोंदलेली हवी.

तेव्हा वाचकहो, तक्रार पुरे. आपल्या कमिटीपुढे रुग्णागणिक अर्ज न ठेवता संपूर्ण प्रकल्पाचा एकच प्रस्ताव ठेवा आणि 2017 च्या तत्त्वांतील परिच्छेद सोबत जोडा. संमतिपत्र रुग्णाला कळेल अशा मराठीत करा. शस्त्रक्रियागृहातल्या परिचारिकेला भेटा. प्रतिजैविक घातलेल्या मीडियमची बाटली आणि सांकेतिक क्रमांकाची चिठ्ठी आदल्या दिवशी तिच्या हाती द्या. ज्यांच्याकडे मंजूर संमतिपत्र आहे त्यांनी त्याची प्रत या महिनाअखेरपर्यंत आमच्याकडे पाठवावी. त्यांतून एक सामाईक मसुदा तयार करून पुढच्या अंकात छापू. तो आपापल्या कमिटीपुढे ठेवण्याचे काम तुमचे.