फोर्ट स्टिकिन: विडीवर किती ढकलणार?

१/ १४ एप्रिल जवळ आला की फोर्ट स्टिकिनची तीच कथा फिरू लागते. मुंबईच्या गोदीत जहाज फुटले, आकाशातून सोन्याच्या विटा बरसल्या, आणि कारण काय, तर कुणा हमालाची विडी! ज्या रत्नागिरी जिल्ह्याने मुंबईच्या गिरण्यांना आणि गोद्यांना पिढ्यान्‌पिढ्या माणसे पुरवली, त्या जिल्ह्यातील मुरुडमध्ये (दापोलीचे मुरुड, जंजिऱ्याचे नव्हे, हे इतिहासप्रेमींनाही दरवेळी सांगावे लागते) बसून हे वाचताना चीड येते.

२/ आधी जहाज पाहू. कॅनडातील प्रिन्स रुपर्ट येथे १९४२ मध्ये बांधलेले ७,१४२ टनांचे, वाफेच्या इंजिनाचे, जेमतेम ११ नॉट वेगाचे साधे मालवाहू जहाज. जर्मन पाणबुड्या बुडवतील त्याहून वेगाने नवी जहाजे उभी राहावीत, म्हणून एकाच आराखड्यावर अशी अनेक बांधली गेली. या मालिकेतील जहाजांना ठाण्यांची नावे दिली; स्टिकिन हे हडसन बे कंपनीचे अलास्कातील फरव्यापाराचे ठाणे. किल्ल्यांचे वेड असणाऱ्या आपल्या मंडळींना निदान हा तपशील तरी रुचावा.

३/ २४ फेब्रुवारी १९४४ रोजी ते बर्कनहेडहून निघाले. पोटात १,३९५ टन स्फोटके व दारूगोळा, आणि ३१ पेट्यांत प्रत्येकी ४ सोन्याच्या विटा. कराचीत काही माल उतरला. युद्धकाळात रिकामी जागा म्हणजे अपव्यय, म्हणून तेथे ८,७०० कापसाच्या गासड्या, तेलाची पिंपे, लाकूड, भंगार असे जे मिळेल ते भरण्यात आले. दुसऱ्या क्रमांकाच्या खणात खाली कापूस आणि वर स्फोटके! ही रचना कोणा हमालाने ठरवलेली नव्हती.

४/ १२ एप्रिलला जहाज व्हिक्टोरिया गोदीत, पहिल्या धक्क्याला लागले. शांततेच्या काळात असा माल बाहेर, पडावांत उतरवला जाई. स्फोटके असल्याची खूण असणारे लाल निशाणही चढवले गेले नाही. १४ तारखेला दुपारच्या सुट्टीनंतर खणात परतलेल्या हमालांनी धूर पाहिला आणि ओरड केली. स्फोट झाला ४ वाजून ६ मिनिटांनी. म्हणजे दोन तासांहून अधिक अवधी हाताशी होता. जहाज बाहेर ओढून न्यावे की तेथेच बुडवावे, यावर अधिकाऱ्यांचे एकमत झाले नाही. निर्णायक हुकूम कोणीच दिला नाही. बंबांनी सुमारे ९०० टन पाणी ओतले. त्या पाण्यावर जळता कापूस तरंगत वरच्या स्फोटकांकडे सरकला. ६६ अग्निशामक जवान त्या दिवशी मेले.

५/ विडी वा सिगारेटचा संशय चौकशी आयोगानेच व्यक्त केला होता, असे कोणी म्हणेल. मान्य. परंतु कापसाला ठिणगी लागली तर कापूस जळतो; गोदी उडण्यासाठी त्याच्यावर दारूगोळा रचलेला असावा लागतो. ‘युद्ध होते, घाई होती’ हेही मान्य. घाईमुळे जहाज धक्क्याला लागले हे समजू शकते. लाल निशाण चढवायला किती वेळ लागतो?

६/ साडेचारच्या सुमारास दुसरा स्फोट झाला. हादऱ्याची नोंद सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. जलपद्मा हे जहाज पाण्यातून उचलले जाऊन धक्क्यावर फेकले गेले. मृतांचा आकडा? कोणी ८०० सांगतो, कोणी १,३००. विटा पेटीगणिक मोजता येतात, माणसांच्या संख्येत मात्र ५०० चा फरक! गोदीतले बहुसंख्य हमाल रोजंदारीवरचे. त्यांच्या नोंदणीची वाट मोकळी करणारा गोदी कामगार कायदा व्हायला १९४८ उजाडले. स्फोटाच्या दिवशी कोण कामावर आला होता, हे कोणत्या वहीत शोधणार?

७/ आणि दंतकथा का माजल्या, तेही सांगतो. जपान्यांच्या ताब्यातील सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी सविस्तर वृत्त दिले. येथील वार्ताहरांना मात्र मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सरकारने वृत्त धाडू दिले नाही. जवळजवळ महिनाभर शहराकडे होत्या त्या केवळ अफवा. जपानी घातपाताची आवृत्ती त्याच काळातली असून आजही कोणी ना कोणी ती प्रतिक्रियांत आणून टाकतो. या वेळी टाकणाऱ्याने आधी तिसरा आणि चौथा भाग वाचावा.